घरचं खाऊन : वन्यजीव क्षेत्रातल्या उमेदवारीची गोष्ट

कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या आपल्या भवानीनगरात नोकरी या शब्दाचा अर्थ अगदी साधा होता. ठरलेल्या तारखेला पगार, दिवाळीला बोनस आणि 'सीझनल' माणसाला कधीतरी 'परमनंट' होण्याची आशा. पगार न घेता कोणी सहा महिने रानात राबतो आणि वर 'संधी मिळाली' म्हणतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगितलं असतं तर त्यांनी एकच म्हण ऐकवली असती : घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या. वन्यजीव संरक्षणाच्या क्षेत्रात मात्र आत शिरायचा मोठा दरवाजा गेली शंभरएक वर्षं हाच आहे. मला या म्हणीतल्या लष्करापेक्षा तिच्या पहिल्या दोन शब्दांबद्दल लिहायचं आहे. 'घरचं' म्हणजे नेमकं कोणाच्या घरचं?

विषय डोक्यात यायला कारण घडलं ते आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एका वर्गमैत्रिणीची मुलगी, बारामतीला बी. एस्सी. झालेली, तिला एका वन्यजीव प्रकल्पात सहा महिने स्वयंसेवक म्हणून बोलावणं आलं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, शेवटी अनुभवाचं प्रमाणपत्र, मानधन नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तर शिकाऊ उमेदवारांनीच दरमहा पैसे भरायचे होते. मैत्रिणीने विचारलं, "तू इंजिनियर आहेस, मोठ्या शहरात असतेस, हे खरं असतं का गं? की फसवतात?" ग्रुपवर दोन दिवस मतांचा पाऊस पडला. मी मात्र वाचत बसले. वाचलं त्यातलं बरंचसं आपल्यापैकी अनेकांना नवं वाटेल, म्हणून या स्मरणिकेसाठी लिहून काढलं.

सुरुवात १८८३ साली होते. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरला मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांतले दोघे मराठी डॉक्टर : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. वनस्पतिशास्त्राचे चांगले जाणकार. रखमाबाईंमुळे आपण त्यांचं नाव ऐकलेलं असतं, या संस्थेमुळे नाही, ही आपल्या पाठ्यपुस्तकांची गंमत. या आठांपैकी कोणाचंही पोट प्राण्यापक्ष्यांवर भरत नव्हतं. कोणी डॉक्टर, कोणी सरकारी अधिकारी, कोणी लष्करातला. नमुने गोळा करायचे, एकमेकांना दाखवायचे, टिपणं लिहायची, हा फावल्या वेळचा उद्योग. भारतातला वन्यजीव अभ्यास ज्यांच्या बळावर उभा राहिला ती ही हौशी मंडळी. त्यांची 'घरची' भाकरी त्यांच्याच दुसऱ्या नोकरीतून यायची. पगारी क्युरेटर नेमायला संस्थेला विसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलं.

तो पहिला पगारी क्युरेटर म्हणजे नॉर्मन किनिअर, आणि त्याच काळात संस्थेच्या दारात एक शाळकरी पोरगा आला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग कसा, हे विचारायला मामांनी त्याला पाठवलं होतं. हे सलीम अली. चिमणीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं महत्त्वाची वाटतात, कारण ती आजच्या कुठल्याही होतकरू मुलाच्या बायोडेटासारखी दिसतात. संस्थेचे सचिव मिलार्ड यांनी त्यांना कपाटं उघडून संग्रह दाखवला, पुस्तकं दिली. पुढे कॉलेज अर्धवट सुटलं, काही वर्षं ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात गेली. परत आल्यावर प्राणिशास्त्र शिकले, पण मोठी पदवी नाही, म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हेतली पक्षिशास्त्रज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाईड लेक्चररची नोकरी लागली. तिथून रजा घेऊन बर्लिनला श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले, आणि १९३० साली परत येऊन पाहतात तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली.

यानंतर त्यांनी जे केलं ते या लेखाचं मूळ आहे. अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, एका पैशाशिवाय. मग हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी करायचं ठरलं तेव्हा त्यांनी देऊ केलं की पगार नको, तंबू, प्रवास आणि मदतनिसांचा खर्च तेवढा द्या. १९३१-३२ची ही पाहणी. हैदराबाद संस्थानात तेव्हा आजचा मराठवाडाही होता. म्हणजे ज्या बीड-परभणीकडून आपल्या कारखान्यावर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या यायच्या, ते जिल्हेही त्याच संस्थानातले. ही पाहणी गाजली आणि मग त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकेका संस्थानाची कामं मिळत गेली. बिनपगारी उमेदवारीतून आयुष्यभराचं काम कसं उभं राहतं याचं याहून चांगलं उदाहरण नाही, आणि म्हणूनच ते तरुणांना नेहमी सांगितलं जातं.

सांगताना एक गोष्ट मात्र गळते. त्या मुक्कामांमध्ये सगळा संसार आणि तंबूची व्यवस्था त्यांच्या पत्नी तेहमीना सांभाळत होत्या. १९३९ साली त्या अचानक गेल्या. मग सलीम अलींना घर दिलं ते त्यांची बहीण कमू आणि मेहुणे हसम अली यांनी. १९४१ साली 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं तेव्हा ते पंचेचाळिशीला आलेले होते. त्यांच्या कष्टाला आणि चिकाटीला तोड नाही. पण म्हणीतलं 'घरचं' इथे बायकोचं होतं, बहिणीचं होतं आणि खर्चापुरतं निजामाचं होतं. ज्याच्या मागे यातलं एकही नव्हतं असा मुलगा त्या काळी पक्षिशास्त्रज्ञ होऊ शकला असता का, याचं उत्तर अवघड नाही.

पुढचा टप्पा मजेदार आहे, कारण पैसा आला तो रोगराईमुळे. १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसंही आजारी पडू लागली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आजची एनआयव्ही) त्याचा विषाणू शोधला. सिंधुदुर्गात आता ज्याला 'माकडताप' म्हणतात तो हाच. रशियातल्या एका रोगाशी या विषाणूचं साम्य दिसलं आणि शंका आली की स्थलांतर करणारे पक्षी गोचिडांबरोबर हा रोग आणत असतील. झालं! जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांना जाळ्यात धरून पायात कडी घालण्याचा कार्यक्रम हाती घेतला. हाताने पक्षी सोडवणं, मोजणं, वजन करणं, नोंदवही ठेवणं, हे शिकायला तरुण पोरं लागली आणि त्यांना थोडंफार वेतन द्यायला प्रकल्पाचा पैसा होता. पुढे नावारूपाला आलेले अनेक पक्षी-अभ्यासक या छावण्यांतून तयार झाले. उमेदवारीला थोडा जरी पगार असला तर काय होतं ते इथे दिसतं.

सत्तरच्या दशकात सर्पोद्याने आली, आणि त्यांनी हा दरवाजा कॉलेजच्या पोरापोरींसाठी उघडला. मद्रासच्या सर्पोद्यानात १९७८ साली जे. विजया नावाची कॉलेजातली मुलगी स्वयंसेवक म्हणून येऊ लागली. तीन वर्षांनी ती तिथेच नोकरीला लागली. १९८२ साली केरळच्या जंगलात, तिथल्या काडर आदिवासींच्या मदतीने, तिने एक कासव पुन्हा शोधून काढलं. कित्येक दशकं ते कोणाही अभ्यासकाला दिसलेलं नव्हतं. ती १९८७ साली गेली, फार लवकर. २००६ साली त्या कासवाच्या प्रजातीगटाला 'विजयाकेलिस' हे तिचं नाव दिलं गेलं. भारतातली पहिली महिला सरीसृप-तज्ज्ञ म्हणून तिचं नाव घेतात. तिची सुरुवात झाली ती सुट्टीतल्या फुकटच्या कामाने.

आपल्या पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले, साप उगाच चावत नाही हे लोकांना पटावं म्हणून. १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. पुणे जिल्ह्यात आज 'साप निघालाय' म्हणून फोन केल्यावर जी तरुण मुलं धावत येतात, त्यांची परंपरा त्या काळात रुजली. ही मुलंही बहुतेक वेळा घरचंच खाऊन येतात, आणि पेट्रोलसुद्धा घरचंच.

दरम्यान रीतसर शिक्षणही आलं. १९८२ साली डेहराडूनला वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया सुरू झाली, काही वर्षांनी तिथे एम. एस्सी. आली. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये अभ्यासक्रम निघाला, पुण्यात भारती विद्यापीठ आणि गरवारे कॉलेजात पर्यावरण-जैवविविधतेचं पदव्युत्तर शिक्षण मिळू लागलं. वाटलं असतं की पदवी आली, आता फुकटची उमेदवारी संपेल. झालं उलटंच. पदवी असलेले वाढले, जागा तेवढ्याच, मग निवड करताना 'फील्डवर किती दिवस काढलेत?' हा प्रश्न येऊ लागला. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही ओपन सोर्समध्ये फुकट कोड लिहून लोक नोकऱ्या मिळवतात. पण ते रात्री जेवण झाल्यावर, स्वतःच्या खोलीत बसून करता येतं. जंगलात सहा महिने राहणाऱ्याला दिवसाची नोकरी करता येत नाही. हा फरक लहान नाही. शिवाय आमच्याकडे इंटर्नला स्टायपेंड असतो. मुलीच्या बाबतीत आणखी एक हिशेब घरात मांडला जातो, बोलून न दाखवता : हे सहा महिने लग्नाच्या वयातले.

मैत्रिणीला मी जे सांगितलं ते असं. फसवणूक आणि उमेदवारी वेगळी ओळखता येते. काम लेखी सांगतात का, शिकवणारा माणूस कोण आहे आणि त्याची छापून आलेली कामं आहेत का, विमा आहे का, जमवलेल्या नोंदींवर उमेदवाराचं नाव येतं का, आधीचे उमेदवार आज कुठे आहेत, हे विचारावं. पैसे मागणाऱ्या ठिकाणी तर दोनदा विचारावं. प्राण्यांना कुरवाळून फोटो काढायला मिळणार असतील तर ती सहल आहे, शिक्षण नाही.

आणि रान फार दूर शोधायची गरज नाही. आपण लहानपणी ज्याला 'पडीक माळ' म्हणायचो त्याची किंमत उशिरा का होईना कळू लागली आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायला वनविभाग स्वयंसेवकांना बोलावतो, आणि अनेकांची या क्षेत्राशी पहिली गाठ त्याच रात्री पडते. रात्रभर जागायचं, बोलायचं नाही, दर तासाला नोंद करायची. कागदावर उतरतं ते थोडंच. पण माणूस या कामाचा आहे की नाही हे सकाळपर्यंत त्याचं त्यालाच कळतं.

इंदापूर-बारामतीच्या माळावर लांडगे, खोकड, तरस अजून आहेत आणि त्यांचा अभ्यास करायला लोक पुण्याहून, बंगळुरूहून येतात. लांडगा कोणत्या ओघळीतून उतरतो हे धनगराच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. तरी संशोधकाच्या अहवालात तो बहुधा 'स्थानिक मदतनीस' असतो. विजयाच्या कासवाच्या गोष्टीतल्या काडरांसारखाच.

इथे थोडा बदल होताना दिसतो आहे. कोकणात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांची अंडी राखायचं काम गावातल्याच माणसांवर सोपवलं, २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला, आणि घरोघरी पाहुण्यांची सोय करून गावाला त्यातून चार पैसे मिळू लागले. आपल्याकडे उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळला, ज्यांच्या घरात मासेमारी होती ती मुलं आज होडीतून रोहित पक्षी दाखवतात. पट्टकादंब आणि चक्रवाक यांची मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं त्यांना पाठ आहेत. ज्या धरणाने त्यांच्या आजोबांची शेती पाण्याखाली घातली, त्याच पाण्यावर. कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या गवताळ रानातही आता वनविभागाची सफारी आहे आणि गाडीत पुढे बसणारा गाईड गावातलाच असतो. त्याची उमेदवारी मेंढरांमागे झालेली असते, आणि गाडी फिरली की त्याला फेरीचे पैसे मिळतात.

मैत्रिणीची मुलगी आधी महिनाभर या माळावर जाऊन नोंदी ठेवायला शिकते आहे, घरी राहून, आईच्या हातचा डबा घेऊन. सहा महिन्यांचा हिशेब आम्ही दोघींनी मांडला : प्रवास, बूट, दुर्बीण, विमा आणि वरखर्च धरून चाळीस-पन्नास हजार. तो आकडा मी मेळाव्याच्या खजिनदारांना पाठवला आहे, मंडप आणि जेवणाच्या खर्चाच्या तक्त्याशेजारी ठेवून.