मंगळागौरीचे खेळ

लग्नानंतर पहिली पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेने मंगळागौर पुजायची, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. बालविवाहाच्या काळात ही नवरी म्हणजे माहेर सुटलेली, सासरच्या धाकात वावरणारी लहान मुलगीच असे. पूजेपेक्षा तिला मोलाचे वाटत असणार ते रात्रीचे जागरण. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, बसफुगडी खेळताना अंग मोकळे होई. सासू-सुनेच्या, नणंद-भावजयीच्या गाण्यांतून एरवी गिळलेले बोलही बाहेर पडत. तेही गौरीच्या नावाने, म्हणजे कोणाची हरकत नाही! १९२९च्या सारडा कायद्याने मुलींच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले. पुढे शिक्षण-नोकरीमुळे प्रत्यक्ष लग्नाचे वय वाढत गेले. धाकातली ती लहान नवरी मागे पडली, पण मंगळागौरीचे खेळ राहिले; आता ते महिलांचे गट सभागृहांत, अनेकदा मानधन घेऊन सादर करतात.