रिगवरचं जास्तीचं इंजिन

संशोधनाचा विषय शोधताना आपण बहुतेक वेळा यंत्रातच अडकतो. म्हणून आज तेलविहिरी खोदणाऱ्या जमिनीवरच्या रिगचा थोडा इतिहास बघू.

१० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला तेल उसळलं, तेव्हा तिथली रिग वाफेवर चालत होती. पुढे डिझेल इंजिनं आली. ती साखळ्या आणि शाफ्टनी थेट यंत्रांना जोडलेली असत. मग इंजिनाने जनरेटर फिरवायचा आणि काम विजेच्या मोटरने करायचं, ही पद्धत आली. १९५७ मध्ये थायरिस्टर तयार झाला आणि १९७० च्या दशकात तो रिगवर रुळला. आता सगळ्या जनरेटरची वीज एकत्र करून हव्या त्या मोटरला देता येऊ लागली. म्हणजे गरज कमी असेल तेव्हा एखादं इंजिन सरळ बंद ठेवता येत होतं.

पण ते बंद ठेवलं जात नसे. असं का?

समजा, १००० किलोवॅटचे तीन संच आहेत आणि गरज १२०० ची आहे. तिन्ही चालू ठेवले तर प्रत्येकावर ४० टक्के भार येतो, दोनच ठेवले तर ६० टक्के. कमी भारावर डिझेल इंजिन प्रत्येक युनिट विजेमागे जास्त इंधन खातं. हे रिगवर सगळ्यांना माहीत असतं. पण दोनच चालू असताना एक बंद पडलं, तर? वीज जाते, चिखल फिरवणारे पंप थांबतात, खोदणारा पाइप विहिरीत अडकू शकतो. बोलणी ड्रिलरला बसतात. शिवाय अमेरिकेत रोजंदारीच्या करारात डिझेलचं बिल सहसा तेल कंपनी भरते, रिगमालक नाही. मग जास्तीचं इंजिन कोण बंद करणार?

स्वयंचलित इंजिन व्यवस्थापन नेमकं इथे कामाला येतं. नियंत्रक भार सतत मोजतो, गरजेप्रमाणे इंजिन सुरू किंवा बंद करतो. हल्ली जोडीला बॅटरीही असते: पाइप वर ओढताना अचानक लागणारी वीज ती देते आणि नवं इंजिन सुरू होईपर्यंत वेळ मारून नेते. ड्रिलरची धास्ती कमी होते, तेव्हाच डिझेल वाचतं.

तुमच्या प्रबंधाच्या आराखड्यात ‘कार्यक्षमता’ हा शब्द असेल, तर समीकरणाच्या आधी दोन प्रश्न लिहून ठेवा: बिल कोण भरतं? आणि चुकलं तर बोलणी कोणाला बसतात?