ज्याच्या दारी पिल्लं

भाद्रपद म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो. गावाकडच्या माणसाला आणखी एक गोष्ट आठवते, पण ती चारचौघांत बोलायची नसते. ‘भादव्यातलं कुत्रं’ हा शब्दप्रयोग मराठीत उगाच आलेला नाही. पावसाळा सरता सरता गावकुत्र्यांच्या माजाचा काळ येतो. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. दोन महिने पुढे मोजले, की थंडीच्या तोंडावर गल्लोगल्ली पिल्लांचं कुंईकुंई सुरू होतं.

१९८०च्या सुमाराला खेड तालुक्यातल्या आमच्या वाडीत कुत्री बाजरीच्या सरमाडाच्या गंजीआड व्यायची. माझी दादी तिला पिठाची गूळ घातलेली पेज नेऊन द्यायची. पिल्लं हुंदडायला लागली की त्यांचं वाटप व्हायचं. एक धनगराच्या वाड्यावर, एक मळ्यातल्या विहिरीवर, एक कांद्याच्या वखारीत. माद्या मात्र कुणी मागायचं नाही. त्या वाडीच्याच होऊन राहायच्या. कुत्रं एका घराचं नसायचं, पण बेवारसही नसायचं.

मग ते मळेच राहिले नाहीत. पिंपरीत १९५४ साली पेनिसिलीनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आलं, १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. वाडीची माणसं चाळीत आली, चाळीतून फ्लॅटमध्ये गेली. कुत्री जागेवरच राहिली. गंजी नाही म्हणून ती कंपनीच्या गेटाशेजारी पडलेल्या सिमेंटच्या पाइपात व्यायला लागली. आता ही पिल्लं कोणाची?

हा प्रश्न फार जुना आहे. पारशी बांधवांच्या ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथात त्याचं उत्तर दिलेलं आहे. पंधराव्या प्रकरणात विचारलं आहे, की कुत्री विण्याच्या बेतात असेल तर तिला कोणी सांभाळायचं? उत्तर सरळ आहे. ज्याच्या जागेत ती व्यायला आली त्यानं, रस्त्यावर असेल तर जवळच्या घरानं. कुठपर्यंत? पिल्लं स्वतःचं पोट भरू लागेपर्यंत, म्हणजे सहा महिने. माणसाच्या लेकराला सात वर्षं आणि कुत्रीच्या लेकराला सहा महिने, असा तो हिशेब आहे. गरोदर बाई आणि गाभण कुत्री यांची जबाबदारी त्यात एकाच ओळीत बसवली आहे.

मुंबईत १८३२ साली काय घडलं, ते यावरून समजतं. सरकारनं उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला होता, दर कुत्र्यामागे बक्षीसही होतं. ६ जून १८३२ रोजी पारशी लोक शिपायांवर चालून गेले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद ठेवून त्यांनी कुलाब्यातल्या गोऱ्या सैन्याची रसद तोडली. लष्कर बोलवावं लागलं. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरापोळ काढली.

आपल्याकडेही धागे कमी नाहीत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला ठाऊक आहेत. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि त्याच खंडोबाला मुसलमान भाविक मल्लूखान म्हणत आले. आमच्या घरात मात्र कुत्र्याच्या लाळेचा विटाळ मानतात. तरी गुहेत झोपलेल्या भक्तांची राखण करणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख कुराणात आहे, हे मला अम्मीनंच सांगितलं होतं.

ते सांगणं कामी आलं, पण उशिरा. मी चाकणच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. गेटावर एक तांबूस कुत्री असायची. वॉचमन तिला राणी म्हणायचा. एका हिवाळ्यात तिला पाच पिल्लं झाली. मी रोज गाईचं दूध नेऊन पाजायचो आणि स्वतःवर खूश असायचो. दूध बाधून त्यांना हगवण लागत होती, हे मला कळत नव्हतं. सातव्या आठवड्यात रक्ताची हगवण लागली आणि चार दिवसांत पाचही गेली. डॉक्टर म्हणाले, पार्वो. हा विषाणू जगात १९७८च्या सुमाराला पसरला. दादीच्या काळात तिची पेज पुरत होती. पेनिसिलीनचं गाव आमचं, पण विषाणूवर पेनिसिलीन चालत नाही. लस चालते, आणि ती मी दिली नव्हती.

पुढच्या कार्तिकात राणी पुन्हा जड झाली. या वेळी मी आधी विचारून घेतलं. शेवटच्या आठवड्यांत तिला थोडंथोडं पण जास्त वेळा खायला दिलं. विताना जवळ गेलो नाही, तिचं तिला कळतं. पहिले दोन आठवडे पिल्लांना अंगची ऊब धरता येत नाही, म्हणून खोक्यात गोणपाट अंथरलं. बाराव्या-तेराव्या दिवशी डोळे उघडले. तिसऱ्या आठवड्यात जंताचं औषध, चौथ्यात मऊ भात आणि बिनमसाल्याचं कोंबडीचं पाणी. ते पाणी अम्मीच डब्यात भरून द्यायची. “घरात आणू नकोस, पण उपाशी ठेवू नकोस,” एवढीच तिची अट. सहाव्या आठवड्यापासून लशी सुरू केल्या. वॉचमनची पोरं त्यांना रोज मांडीवर घेऊन बसायची. तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत माणसाचा हात लागला, तर कुत्रं माणसाला भीत नाही आणि सहसा चावायलाही धावत नाही.

रस्त्यावरच्या पिल्लांचं खरं भवितव्य काय असतं? बंगालमध्ये संशोधकांनी ९५ वेतांतली ३६४ पिल्लं पाहिली. त्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वयात येईपर्यंत शंभरातली एकोणीसच उरली, आणि निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे माणूस होता. २००१च्या नियमांनी गाभण कुत्रीचा गर्भपात करायला मनाई केली, पिल्लं होईपर्यंत तिला सोडून द्यायला सांगितलं. ते बरोबरच आहे. पण कायदा तिला जिथे सोडतो, तिथे वेंदिदादमधला शेजारी भेटायला हवा. नाहीतर तीच पिल्लं वर्षभरानं शाळेच्या वाटेवर टोळीनं उभी राहतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर त्याला इलाज उरत नाही. लेकराला कुत्रं चावलेल्या आईला मी भूतदया शिकवणार नाही.

आठ आठवडे झाल्यावर घरं शोधली. सहांपैकी चार नर पटापट गेले. एक चाकणच्या कांद्याच्या वखारीत, एक वॉचमनच्या गावी, दोन मोशीच्या सोसायट्यांत. दोन माद्या राहिल्या. चाळीस वर्षांपूर्वीचंच उत्तर मिळत होतं, “मादी नको, पिल्लं होतात.” शेवटी एका शिक्षिकेनं दोघी एकदमच नेल्या. सहा महिन्यांनी ऑपरेशन करून घेण्याचा शब्द तिनं दिला होता, तो तिनं पाळला.

पिल्लं दूध तुटून गेल्यावर राणीचंही ऑपरेशन झालं. कानाला खाच पाडून तिला परत गेटावर सोडलं. त्या वर्षी भादवा आला आणि गेला. कार्तिकात मी सवयीनं पाइपात डोकावलो. गोणपाट रिकामं होतं. राणी बाहेर उन्हात झोपली होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)