शांत झोपलेली बाळे : पाळणाघर चांगले की वाईट, हे ओळखायचे कसे?

१/ गिरणगाव म्हटले की भोंगा, चाळी आणि संप आठवतात. भोंगा वाजल्यावर गिरणीत जाणारी आई आपले तान्हे मूल कोणाच्या हाती सोपवत होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अर्भकांच्या सांभाळाची पारख कशी करावी, याचा एक कठोर धडा त्या प्रश्नात दडलेला आहे. 🧵

२/ १९२२ च्या कारखाना कायद्याने प्रौढांच्या कामाला दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली. या मर्यादेतही बाळ जवळजवळ सारा दिवस आईविना राही. म्हातारी सासू, शेजारीण किंवा जराशी मोठी बहीण त्याला सांभाळी. त्यांच्या हाताशी एक स्वस्त उपाय होता : अफू.

३/ अफूच्या या गोळीला 'बाळागोळी' म्हणत. आजच्या बाळगुटीशी तिची गल्लत करू नये. मुंबई सरकारसाठी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ साली नोंदवले, की या स्त्रियांच्या शंभरांपैकी ९८ अर्भकांना अफू दिली जात होती.

४/ अफू दिलेले बाळ रडत नाही. पाहणाऱ्याला वाटते, मूल गुणी आहे, सांभाळ उत्तम चालला आहे. प्रत्यक्षात त्याची भूक मंदावलेली असते, ते दूध मागत नाही आणि हळूहळू खंगत जाते. मात्रा चुकली तर श्वास थांबतो. जी शांतता चांगल्या सांभाळाची खूण वाटे, तीच धोक्याची खूण होती.

५/ याचे खापर मातांच्या अज्ञानावर फोडणे सोपे आहे. पण घरी राहिल्यास मजुरी बुडे. बाळंतपणाच्या काळात भत्ता देणारा मुंबई प्रांताचा कायदा १९२९ साली आला, आणि तोही काही आठवड्यांपुरताच होता. बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावर पुढे काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

६/ ते उत्तर पाळणाघरात शोधले गेले. ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली राखण्याची सक्ती करण्याचा अधिकार १९३४ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४८ ने अशा कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले.

७/ त्या कलमाने निकषही घातले : पुरेशी जागा, उजेड, हवा, स्वच्छता आणि बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेली स्त्री. अंगावर पाजणाऱ्या आईला ठरावीक वेळाने बाळाकडे जाता यावे, याचीही तरतूद नियमांतून करता येऊ लागली. पण खोलीची मोजणी सोपी असते, सांभाळाची नव्हे.

८/ शिवाय कारखान्याबाहेरच्या स्त्रिया उरल्याच. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मजूर स्त्रियांची बाळे तिथेच धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. जिथे आईचे काम, तिथे पाळणाघर, हे तिचे सूत्र.

९/ खोलीऐवजी वागणूक मोजण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेत झाला. थेल्मा हार्म्स, डेबी क्रायर आणि रिचर्ड क्लिफर्ड यांची अर्भक-संगोपनाची मोजपट्टी १९९० साली प्रसिद्ध झाली. निरीक्षक काही तास बसून पाहतो : रडणाऱ्या बाळाला कोण उचलते? भरवताना त्याच्याशी कोणी बोलते का? गुण १ ते ७.

१०/ भारतात २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याचा हक्क दिला. या चार फेऱ्या म्हणजे तपासणीच आहे. रंगीत भिंती पाहून झाल्यावर आईने एवढेच पाहावे : एका सांभाळणारीकडे किती बाळे आहेत, आणि सगळीच एकदम निमूट झोपलेली असतील, तर का?