एलायझाच्या लग्नाचा कागद कुठे आहे?

१८६२ साली स्कॉटलंडमधल्या ब्रेडलबेन घराण्याचा मार्क्विस निपुत्रिक वारला. मागे उरली मैलोन्‌मैल पसरलेली जमीन आणि टेमथचा वाडा. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया याच वाड्यात पाहुणी म्हणून येऊन गेली होती. आता हे सगळं कुणाचं? उत्तरासाठी वकिलांना ऐंशी वर्षं मागे जावं लागलं. एलायझा नावाच्या एका बाईचं लग्न झालं होतं की नव्हतं, एवढंच त्यांना शोधायचं होतं.

एरवी स्कॉटिश जमीनदारांची वंशावळ लावायला साधनं भरपूर. जमीन हातात देताना पूर्वी शेतावर जाऊन, साक्षीदारांसमोर, माती आणि दगड नव्या मालकाच्या हातावर ठेवत. या ताब्याला ‘सेझिन’ म्हणत आणि १६१७ पासून त्याची सरकारी नोंदवही आहे. बाप गेला की पंच बसत आणि जवळचा कायदेशीर वारस कोण ते लिहून देत. कॅम्पबेल आडनावाचे लोक तर पैशाला पासरी, त्यामुळे माणूस ओळखला जाई तो जमिनीवरून : ग्लेनफॅलॉकचे कॅम्पबेल, बोरलंडचे कॅम्पबेल. कागदोपत्री बाईचं माहेरचं आडनावही लग्नानंतर पुसलं जात नसे, म्हणून तिच्या घराण्याचाही माग लागतो.

पण ही साखळी लग्नापाशी कच्ची आहे. जुन्या स्कॉटिश कायद्यात लग्नाला पाद्री लागत नसे, नोंद लागत नसे. दोघांची संमती पुरे. दोघं नवरा-बायकोसारखे नांदत असतील आणि चारचौघं त्यांना तसंच मानत असतील, तर त्यावरून कायदा संमती गृहीत धरी.

ग्लेनफॅलॉकच्या जेम्स कॅम्पबेलचं असंच झालं. हा तरुण लष्करी अधिकारी १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या चिपिंग सॉडबरी गावातून लडलो नावाच्या औषधविक्रेत्याच्या बायकोला घेऊन पळाला. तीच एलायझा. पुढे ती जेम्सची बायको म्हणून वावरली. १७८४ मध्ये लडलो वारला, त्यानंतर काही वर्षांनी एलायझाला विल्यम झाला आणि विल्यमला पुढे ग्लेनफॅलॉकची जमीनही मिळाली. १८६२ मध्ये ब्रेडलबेनवर हक्क सांगणारा कॅम्पबेल हा याच विल्यमचा मुलगा.

विरोधात उभा राहिला बोरलंडचा कॅम्पबेल. त्याचं म्हणणं सरळ होतं : नवरा जिवंत असताना जोडलेला संबंध नवरा मेल्यावर आपोआप लग्न कसा होईल? कुठल्या दिवशी झाला? ही जागा दुखरी होती, कारण असा दिवस कुणालाच दाखवता येत नव्हता. लग्न सिद्ध झालं नाही तर विल्यम अनौरस ठरणार होता, आणि त्याच्यामागोमाग त्याच्या मुलाचा दावाही कोसळणार होता.

प्रकरण थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १८६७ मध्ये निकाल लागला तो ग्लेनफॅलॉकच्या बाजूने. सुरुवात कशीही झाली असो, लडलोच्या मृत्यूनंतर लग्नाच्या आड येणारं काही उरलं नव्हतं. त्यानंतरचं त्यांचं उघड नांदणं आणि भोवतालच्या लोकांनी त्यांना पती-पत्नी मानणं, हाच संमतीचा पुरावा. पुराव्यात नातलग आणि परिचित तिला काय मानत होते, हे मोलाचं ठरलं.

वंशवृक्षात जेम्स आणि एलायझा यांच्यामध्ये आज एक सरळ रेघ दिसते. ती रेघ चर्चमध्ये काढली गेली नाही. दोघांच्या मरणानंतर कित्येक वर्षांनी ती कोर्टात काढली गेली. ज्या कायद्याने ती काढता आली, तो स्कॉटलंडने २००६ मध्ये रद्द केला.

एलायझासारख्या किती जणी असतील! कागदाविना नांदल्या आणि कागदाविनाच गेल्या. त्यांच्या मुलांच्या वाट्याला एवढी जमीन आली नाही, म्हणून त्यांची बायकोपणाची बाजू मांडायला कुणी वकीलही उभा राहिला नाही. जमिनीच्या नोंदींतून घराणं शोधताना हे ध्यानात ठेवायला हवं : दप्तराने आठवण ठेवली ती जमिनीची. एलायझा तिच्यासोबत आली, एवढंच.