डोईवरचा बोजा आणि हातावरचे पैसे

वाचकहो, गोंदियाच्या फलाटावर तुम्ही कधी ना कधी उतरला असालच. आमगाव-सालेकशाकडून आला असाल, तिरोड्याकडून आला असाल, नाहीतर सौंदड-अर्जुनीच्या बाजूने. कडेवर मूल, काखेत पिशवी, पायाशी तांदळाचं बोचकं आणि वर लग्नघरी न्यायची पेटी. अशा वेळी लाल सदऱ्यातला, दंडावर पितळी बिल्ला बांधलेला माणूस पुढे येतो. तुम्ही विचारता, "किती घ्याल?" तो हसतो नि म्हणतो, "द्या जी, तुमच्या खुशीनं."

"तुमच्या खुशीनं." ऐकायला किती गोड शब्द! पण सामान टांग्यात किंवा रिक्षात ठेवून झालं की या गोड शब्दांवरूनच कडू बोलणं होतं. तुमची खुशी दहा रुपयांची, त्याची अपेक्षा पन्नासाची. दोघेही मनात चडफडतात. तुम्हाला वाटतं, याने लुबाडलं. त्याला वाटतं, यांनी बुडवलं. हा तंटा काही आजचा नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो आपल्या गोंदियाच्या मातीतही सापडतो. तोच आज थोडा उलगडून पाहू.

आधी शब्दच पाहा. शिक्षक मंडळींना यात गंमत वाटेल. "हमाल" हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी ओझं वाहणं हाच अर्थ आहे. "बक्षीस" फारसीतला, देणे या अर्थाच्या धातूपासून झालेला. शाळेत पहिला आलेल्या मुलाला आपण देतो तेही बक्षीस, आणि स्टेशनावर हमालाच्या हातावर ठेवतो तेही बक्षीस. शब्द एक, पण मुलगा ते मिरवत घरी नेतो आणि हमाल मूठ मिटून खिशात टाकतो. "कुली" या शब्दाच्या मुळाबद्दल पंडितांचं एकमत नाही. तमिळमध्ये मात्र "कूलि" म्हणजे मजुरी, एवढं खरं. म्हणजे मजुरीचं नाव माणसालाच चिकटलं! पुढे 1834 नंतर मॉरिशसकडे मळ्यांवर करारबद्ध मजुरांची जहाजं भरून गेली. त्यात मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. त्या सर्वांवर "कुली" हाच शिक्का बसला. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना "कुली बॅरिस्टर" म्हणत, ते तुम्ही वाचलंच असेल.

आपल्या गावगाड्यात मात्र देण्याघेण्याचे शब्द चांगले नेमके होते. सुतार-लोहाराला सुगीला मिळे ते बलुतं. तो त्याचा हक्क, मेहेरबानी नव्हे. दिवाळीला गड्याच्या हातावर ठेवायची ती पोस्त, ती मात्र खुशीची. हक्क वेगळा, खुशी वेगळी. आणि या दोन्हींच्या बाहेर एक तिसरी गोष्ट होती, ती म्हणजे वेठ.

रेल्वे यायच्या आधी आपल्या या झाडीच्या मुलखात ओझं कोण वाहत होतं? व्यापाऱ्याचा माल वाहत होते बंजारे, आपल्या बैलांच्या पाठीवर. छत्तीसगडातलं धान्य ते बाहेर काढीत आणि परतताना समुद्रकाठचं मीठ आत आणीत. तळ्यांच्या या प्रदेशात ढीवर मंडळी मासे धरीत, शिंगाडे लावीत, आणि गरज पडली की पालखी-डोलीला खांदा देत नि कावडीने भार नेत. त्यांना काही ना काही मोल मिळे. पण साहेबाचा दौरा निघाला, की तंबूच्या खुंट्यांपासून ते भांड्याकुंड्यांपर्यंत सारं सामान पुढच्या गावाला पोचवायचं कोणी? गावातल्या गरिबांनी. त्यालाच वेठ-बिगार म्हणत. पैसे मिळाले तर मिळाले, नाहीतर शिव्या. "वेठीस धरणे" हा वाक्प्रचार आपण आजही सहज वापरतो. तो ज्यांच्या पाठीवरून आला त्यांना तो सहज नव्हता.

ही वेठ काही आपल्याच भागात नव्हती. हिमालयाच्या पायथ्याशी कुमाऊँत तर गावोगाव नोंदवह्या ठेवलेल्या असत. कोणी कधी साहेबाचं ओझं वाहायचं ते त्यात लिहिलेलं. 1921 च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत लोक जमले, बद्रीदत्त पांडे यांच्यासारखे पुढारी उभे राहिले, आणि लोकांनी त्या वह्या सरयू नदीत बुडवल्या. यापुढे फुकट ओझं वाहणार नाही, अशी शपथ घेतली. महाराष्ट्रात महार वतनाच्या नावाखाली जी राबणूक चाले, तिच्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. ते वतन जायला मात्र आणखी तीस वर्षं लागली. ओझ्याचा प्रश्न हा असा मानाचाही प्रश्न आहे.

आता आपल्या स्टेशनाकडे येऊ. नागपूरला रेल्वे आली 1867 साली. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळानंतर छत्तीसगडचं धान्य बाहेर काढण्यासाठी नागपूरपासून राजनांदगावापर्यंत मीटर मापाचा रूळ टाकायला सुरुवात झाली, आणि 1880 च्या सुमारास तो आपल्या भागातून पुढे गेला. 1887 साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा रस्ता ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी तो रुंद करून टाकला. 1900 च्या सुमारास तो थेट कलकत्त्याला जाऊन भिडला. बंजाऱ्यांच्या बैलांचं काम तिथे संपलं.

पण माणसाच्या डोक्याचं काम संपलं नाही, उलट वाढलं. ते कसं, ते पाहण्यासारखं आहे. 1903 ते 1905 च्या दरम्यान गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरला जाणारी सातपुड्याची छोटी लाईन सुरू झाली. 1908 मध्ये नागभीडकडे दुसरी छोटी लाईन निघाली. मोठ्या लाईनचे रूळ एकमेकांपासून साडेपाच फूट, छोटीचे अडीच फूट. म्हणजे छोटीचा डबा मोठीवर चढणार नाही आणि मोठीचा छोटीवर उतरणार नाही. मग जंगलातलं लाकूड असो, बिडीचं पान असो, धान्याची पोती असोत, नाहीतर माहेरी निघालेल्या बाईची ट्रंक असो, गोंदियाला आलं की सगळं एका गाडीतून उतरवायचं नि दुसरीत चढवायचं. कोणी? डोक्यावर चुंबळ ठेवून उभ्या असलेल्या माणसाने. इंजिनियरांनी दोन मापांत जे तीन फुटांचं अंतर ठेवलं, त्यावर गोंदियातल्या कितीतरी घरच्या चुली पेटत होत्या. समुद्रकाठच्या बंदरात जहाज नि जमीन यांच्यामध्ये हमाल उभा असतो. आमच्या गोंदियाला समुद्र नाही, पण दोन लायनींमुळे ते बंदरच झालं होतं म्हणा ना!

मुंबईला बॅलार्ड पिअरवर विलायतेची बोट लागे तेव्हाचा देखावा याहून निराळा नसे, फक्त मोठा असे. बोटीचे उतारू तिथल्या तिथे गाडीत बसत. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल अशा उतारूंना घेऊन पेशावरच्या वाटेला लागे. नव्याने उतरलेल्या साहेबाला आणा कोणता नि पैसा कोणता हे कळत नसे. एका खेपेला एक हमाल रुपया मिळवून जाई, दुसऱ्या खेपेला तोच ढब्बू पैशावर परते. आज त्याच धक्क्याला सहलीची मोठाली जहाजं लागतात, आणि "हमालाला किती द्यायचं?" हा प्रश्न त्यातल्या उतारूंनाही पडतोच. देशोदेशीची रीत वेगळी. अमेरिकेतल्या कित्येक बंदरांत सामान उचलणारे लोक गोदी कामगारांच्या संघटनेचे सभासद असतात, पक्की मजुरी घेतात, तरी उतारू नगामागे डॉलर-दोन डॉलर हातावर ठेवतात. जपानात तसे पैसे पुढे केले तर समोरचा अवघडून जातो.

अमेरिकेचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या विषयाच्या गाभ्याला जाते. तिथे पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत काळे हमाल कामाला असत. सामान चढवायचं, बिछाने घालायचे, बूट पुसायचे. कंपनी पगार तुटपुंजा देई, कारण उतारू बक्षीस देतातच की! म्हणजे उतारूच्या खुशीवर कंपनीची बचत. 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांनी या हमालांची संघटना उभी केली. बारा वर्षं झगडून 1937 साली त्यांनी कंपनीशी करार केला, पगार वाढवून घेतला, कामाचे तास कमी करून घेतले. खुशी नको, मजुरी द्या, असंच ते सांगत होते.

मला हे वाक्य पुस्तकात भेटलं ते पुष्कळ उशिरा. त्याआधी ते गोंदियाच्या फलाटावर ऐकलं होतं. छोटी लाईन चालू होती त्या काळची गोष्ट. बालाघाटकडून शाळेसाठी पुस्तकांची पेटी घेऊन मी आलो. मोठ्या लाईनची गाडी उभी होती, वेळ थोडा होता. एका म्हाताऱ्या हमालाशी दोन रुपये ठरवले. त्याने पेटी उचलली, पूल चढला, डब्यात जागा करून दिली. पेटी जड होती, त्याला धाप लागली होती. मी खिसा चाचपला, दीड रुपया सुटा निघाला. तो त्याच्या हातावर ठेवून मी म्हणालो, "असू दे बाबा, खुशीने घे." त्याने पैसे मोजले आणि माझ्या शेजारी बाकावर ठेवले. म्हणाला, "मास्तर, खुशी मागितली नाही जी. मजुरी ठरली होती." गाडी सुटेपर्यंत मी समोरच्या उतारूकडे सुटे मागत होतो. नोट मोडली, दोन रुपये दिले. ते त्याने घेतले, वरचे काही घेतले नाहीत. त्या दिवसापासून "खुशीने घे" हे शब्द माझ्या तोंडून निघताना अडखळतात.

स्वातंत्र्यानंतर ओझं वाहणाऱ्यांसाठी कायदे झाले, चांगले झाले. 1948 साली गोदी कामगारांचा कायदा आला. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यातली युक्ती साधी पण मोठी आहे. हमाली व्यापाऱ्याने हमालाच्या हातावर टेकवायची नाही, मंडळाकडे भरायची. वर लेव्हीही भरायची. मंडळ त्यातून मजुरी देतं, फंड-रजा बघतं. मंडळात हमालांचेही प्रतिनिधी बसतात. मधला मुकादम आणि मधली "खुशी" दोन्ही गेली. कायदा कागदावर झाला म्हणजे प्रत्येक राईस मिलच्या दारात पोचला असं नव्हे, हे आपण जाणतोच. पण वाट तरी आखली गेली.

स्टेशनावरच्या हमालाचं तसं झालं नाही. का? माझ्या मते कारण असं. पोती वाहणाऱ्याचा धनी ठरलेला असतो. आज जो व्यापारी, उद्याही तोच. त्याच्याकडून मंडळाला वसूल करता येतं. स्टेशनावरच्या हमालाचा धनी दर पंधरा मिनिटांनी बदलतो. आत्ता तुम्ही, मग मी, मग कोणी तिसरा. रेल्वे त्याला परवाना देते, बिल्ला देते, पण पगार देत नाही. 2008 साली रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी परवानाधारक हमालांना गँगमनच्या नोकरीत घेण्याची घोषणा केली आणि पुष्कळजण तसे लागले. 2016 च्या रेल्वे अंदाजपत्रकात सुरेश प्रभूंनी "कुली" हे नाव काढून "सहायक" हे नाव दिलं. नाव चांगलं आहे, पण बिल्ला तोच नि कमाईची वाटही तीच. मधल्या काळात आमच्या छोट्या लायनीही गेल्या. नागभीडची लाईन विसाव्या शतकाच्या अखेरीस रुंद झाली, बालाघाटची त्यानंतर काही वर्षांनी, आणि 2021 पर्यंत जबलपूरची वाट पूर्ण मोकळी झाली. उतारूंची मोठी सोय झाली, यात शंका नाही. मात्र ते तीन फुटांचं अंतर मिटलं, आणि त्यावर पेटणाऱ्या चुलींचं पुढे काय, हे कोणी फारसं विचारलं नाही. उरलंसुरलं काम चाकांच्या बॅगांनी नेलं.

तेव्हा आता उरला आहे तो त्याचा नि आपला रोखठोक व्यवहार. रेल्वेने हमालीचे दर ठरवून दिलेले असतात, साधारण चाळीस किलोपर्यंतच्या एका खेपेला अमुक, असे. स्टेशनात फलक असतो. तो शोधून वाचा, नसेल दिसत तर स्टेशन मास्तरांना विचारा. सामानाला हात लागण्याआधी आकडा बोलून घ्या, तोही नगाचा की एकंदर खेपेचा ते स्पष्ट करून. बिल्ल्याचा नंबर लक्षात ठेवा. त्यात संशय नाही, व्यवहार आहे. बिल्ला नसलेल्याच्या हाती पेटी देऊ नका. सुटे पैसे आधीच वेगळे काढून ठेवा, माझ्यासारखी फजिती नको. आणि ठरलेली मजुरी पुरी हातावर ठेवून झाली, की मग पूल उंच होता, ऊन कडक होतं, म्हातारी आई सोबत होती नि तिलाही त्याने हात दिला, असं काही वाटलं तर वर पाच-दहा जरूर द्या. ती खरी खुशी. ती मजुरीत कापून दाखवायची नाही.

शिक्षकांना एक सुचवतो. गोंदियात अजून अशी वृद्ध माणसं आहेत की ज्यांनी छोटी लाईन नि मोठी लाईन यांच्यामध्ये ओझी वाहिली. मुलांना घेऊन एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जा. चुंबळ कशी वळायची, ट्रंकेचा तोल कसा सांभाळायचा, एका खेपेला पूर्वी किती आणे मिळत, हे त्यांना विचारा आणि वहीत लिहून घ्या. जाताना पान-तंबाखू न्या, आणि त्यांचा वेळ मोडतो आहे हे लक्षात असू द्या.