पाकिटावर ३२००, पडद्यावर २४००: रॅमच्या वेगाची जुनी गोष्ट

सोलापूरहून मी पुन्हा एकदा तुमच्या कानात, आणि इथे तुमच्या स्क्रीनवर. आजचा विषय तुम्हीच लावून धरलाय. रॅम घेतली, पाकिटावर ठळक अक्षरांत ३२००. घरी आणून लावली, कॉम्प्युटर सुरू केला, टास्क मॅनेजर उघडला, तर तिथे २४००. पैसे तर ३२०० चे मोजलेत! मग फसवलं कोणी? नवी पेठेतल्या दुकानदाराने, कंपनीने, की आपल्याच मशीनने?

हॉस्टेलला राहणाऱ्या पोरासाठी रॅमची एक पट्टी म्हणजे मेसचा महिना असतो, त्यामुळे हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. पण उत्तरासाठी जरा मागे जावं लागेल. आणि मागे म्हणजे थेट मागापर्यंत. सोलापुरात बसून मेमरीचा इतिहास सांगायचा आणि चादर टाळायची, हे काही जमणार नाही.

आपल्या चादरीवर जो मोर असतो, काठाजवळ जे विणलेलं नाव असतं, ते कारागीर दर वेळी डोक्यातून काढत नाही. मागाच्या वर जेकार्ड बसवलेलं असतं. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती रूढ केली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. पुठ्ठ्यात भोक असेल तिथे उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथे खालीच राहतो. हो किंवा नाही, एक किंवा शून्य. ही माळ म्हणजे मागाची मेमरीच. खुद्द जाकारचं रेशमात विणलेलं एक चित्र आहे, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. चार्ल्स बॅबेजकडे त्याची एक प्रत होती, आणि आपल्या यंत्रासाठी त्याने पुठ्ठ्यांचीच कल्पना उचलली.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. मला रस आहे तो पुढच्या भागात, जो सहसा कोणी सांगत नाही.

साध्या मागाला जेकार्ड लावलं की माग हळू चालतो. का? धोटा पळायला तयार असतो, पण पुठ्ठा वाचायचा, आकडे उचलायचे, परत खाली आणायचे, मग पुढचा पुठ्ठा, यात वेळ जातो. म्हणजे विणणारा भाग वेगवान आणि आठवण देणारा भाग मंद. प्रोसेसर आणि रॅम यांचं भांडण नेमकं हेच आहे, आज दोनशे वर्षांनीसुद्धा.

यावर जेकार्डवाल्यांनी काय केलं? पहिली सुधारणा अशी की उचलणाऱ्या चौकटी दोन केल्या. एक वर जात असतानाच दुसरी खाली येते, त्यामुळे थांबणं वाचतं. त्याहून पुढे गेलं ते डबल सिलिंडर जेकार्ड. त्यात पुठ्ठ्यांची माळच दोन भागांत वाटली. १, ३, ५, ७ असे विषम पुठ्ठे एका बाजूच्या सिलिंडरवर; २, ४, ६, ८ असे सम पुठ्ठे दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरवर. एक बाजू पुठ्ठा वाचत असते तेव्हा दुसरी पुढच्याची तयारी करते. कुठलाच भाग पूर्वीपेक्षा जोरात पळत नाही, तरी माग जोरात चालतो! धोका एवढाच की दोन्ही माळांची एकमेकींशी चुकामूक झाली की मोराचा मोर राहत नाही.

ही सम-विषम वाटणी डोक्यात ठेवा, कारण आता आपण मुंबईला जातोय.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९६० साली टिफ्रॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने तो इथेच घडवला. त्याची मेमरी होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशेबात १० केबी. तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या एका गुड मॉर्निंगच्या फोटोलाही ती पुरणार नाही. ती मेमरी होती फेराइटच्या बारीक कड्यांची, तारांत ओवलेली. चुंबकत्व एका दिशेला म्हणजे एक, उलट दिशेला म्हणजे शून्य.

या कड्यांची एक खोड होती. त्यातला बिट वाचला की तो पुसला जायचा! त्यामुळे वाचल्याबरोबर तो पुन्हा लिहायला लागायचा. म्हणून अशा मेमरीला दोन वेग असतात: उत्तर हातात यायला लागणारा वेळ, आणि पुढचा प्रश्न विचारता येईपर्यंतचा वेळ. दुसरा नेहमीच जास्त. कोणता आकडा सांगायचा हा मोह तेव्हापासूनचा आहे.

आता सीडीसी या अमेरिकन कंपनीचं १६०४ हे मशीन बघा, साल १९६०, मुख्य रचनाकार सिमूर क्रे. त्याची कड्यांची मेमरी एका फेरीला ६.४ मायक्रोसेकंद घ्यायची. क्रे आणि मंडळींनी तिचे दोन भाग केले. विषम पत्ते एका भागात, सम पत्ते दुसऱ्यात, आणि दोन्ही ३.२ मायक्रोसेकंदांच्या अंतराने चालवले. डबल सिलिंडर जेकार्डच की! सगळं सुरळीत एकाआड एक आलं तर वेळ निम्मा, म्हणजे ३.२. पण प्रोग्रॅम काही चादरीसारखा क्रमाने चालत नाही. सलग दोनदा एकाच भागातलं काही हवं झालं की थांबा. म्हणून सरासरी वेळ पडायचा ४.८. तीन आकडे, तिन्ही खरे. जाहिरातीत कोणता छापाल?

याच घराण्यातलं पुढचं मशीन, सीडीसी ३६००, १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये आलं आणि टिफ्रॅकचं काम संपलं.

मग आल्या चिप्स. रॉबर्ट डेनार्डने आयबीएममध्ये एका ट्रान्झिस्टरची मेमरी सुचवली, १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली. आपली आजची रॅम हीच, डीरॅम. गंमत म्हणजे कड्यांची खोड इथेही राहिली: वाचलं की आतला विद्युतभार संपतो, तो परत भरावा लागतो. शिवाय नुसता ठेवला तरी गळतो, म्हणून सेकंदाला कितीतरी वेळा उजळणी.

पुढची तीस वर्षं भराभर सोडतो आणि डीडीआरवर येतो. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती पाठवायची, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. म्हणून ३२०० च्या रॅमचं घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झवरच चालतं. सीपीयू-झेड उघडून तिथे १६०० दिसला तर घाबरू नका, तो बरोबर आहे. पाकिटावर '३२०० मेगाहर्ट्झ' छापणं मात्र काटेकोरपणे चूकच. खरं तर ते सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा पाठवणं आहे.

पण मग २४०० का दिसतो?

प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, एसपीडी नावाची. तिला पट्टीची जन्मपत्रिका समजा. मदरबोर्ड सुरू होताना ती वाचतो आणि त्यातला जेडेक या संस्थेच्या मानकात बसणारा सुरक्षित वेग निवडतो. डीडीआर४ चं मानक २०१२ मध्ये आलं, आणि त्यात व्होल्टेज ठरलंय १.२. तुमच्या पाकिटावरचा ३२०० बहुतेकदा १.३५ व्होल्टवर तपासलेला असतो. तो मानकाबाहेरचा वेग पत्रिकेत वेगळ्या पानावर असतो. त्या पानाचं नाव एक्सएमपी. इंटेलने ते डीडीआर३ बरोबर २००७ मध्ये आणलं. एएमडीचं तसंच पान, एक्स्पो, २०२२ मध्ये आलं. हे पान तुम्ही स्वतः बायोसमध्ये जाऊन उघडल्याशिवाय बोर्ड तिकडे बघतही नाही. कारण तांत्रिक भाषेत ते ओव्हरक्लॉकिंग आहे.

म्हणजे कंपनी खोटं बोलली का? यावर अमेरिकेत कॉर्सेअर कंपनीविरुद्ध ग्राहकांनी सामूहिक दावा केला होता. म्हणणं हेच, की छापलेला वेग बॉक्समधून काढून लावल्यावर मिळत नाही. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण २०२५ मध्ये ५५ लाख डॉलरवर तडजोड झाली. माझं मत विचाराल तर पट्टी खोटी नाही, पाकीट अर्धवट आहे. 'बायोसमध्ये चालू केल्यास' एवढे तीन शब्द आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायला कोणाचं काय जातं?

आता तुमच्या मशीनकडे. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबा, एक्सएमपी किंवा एक्स्पो दिसेल ते चालू करा, सेव्ह करा. मशीन अडलं तर बहुतेक बोर्ड दोन-तीन वेळा प्रयत्न करून आपोआप जुन्या वेगावर येतात; मग एक पायरी खालचा वेग लावून बघा. एकच पट्टी असेल तर दुसरी घ्यायचा विचार करा, आणि चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. हे ड्युअल चॅनेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे चित्रसुद्धा याच रॅममधून जातं.

विकत घेण्याआधी एक गोष्ट मात्र बघाच. वेग पट्टी एकटी ठरवत नाही. इंटेलच्या आय५-१०४०० या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा २६६६ आहे, आणि एच४१० बोर्डावर त्याच्या वर जाता येत नाही. तिथे ३२०० साठी जास्तीचे पैसे मोजणं म्हणजे साध्या मागाला रेशीम लावून पैठणीची वाट बघणं. दोन वेगळ्या पट्ट्या लावल्या तर दोन्ही हळूच्या चालीने चालतात. आणि डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या भरायचा मोह होतो तेव्हा हे आठवा: रायझन ७००० ची अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ५२००, चार लावल्या की ३६००. लॅपटॉपमध्ये बहुधा हे पानच नसतं, तिथे १.२ व्होल्टवरच ३२०० चालणारी पट्टी मागून घ्या, दुकानात तसं विचारा.

फोनवर ऐकणाऱ्यांनो, तुमच्या हातात यातलं काहीच नाही. फोनची रॅम बोर्डावरच बसवलेली असते आणि बॅटरी वाचवायला ती स्वतःच वेग कमी-जास्त करत असते. फक्त ती '८ + ८ जीबी' वाली जाहिरात बघाल तेव्हा दुसरे ८ रॅम नसून स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. त्यावर पुढच्या भागात बोलू.